त्याचा कागद कुठे आहे?

(विंचूर, ता. निफाड येथे परिसरातल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहायला घेतला तेव्हा दोघीतिघींनी मला हळूच विचारलं, "ताई, हा शब्द असा उघडा लिहायचा का?" शब्द आहे 'वीर्यतपासणी'. मी म्हटलं, लिहू या. 'पाळी', 'गर्भपिशवी', 'अंगावर पांढरं जाणं' हे शब्द मंडळात पहिल्यांदा उच्चारले तेव्हाही आपण पदर तोंडाशी नेला होता. आता आपण ते सहज बोलतो आणि त्यामुळे कितीतरी जणी वेळेवर दवाखान्यात पोचल्या. मराठीत ही लाज मोडायचं काम फार आधी सुरू झालं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. इतक्या वर्षांनी आपण एक शब्द फळ्यावर लिहायला हरकत नसावी.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगते. इथून जवळच्याच एका गावातली एक बाई माझ्याकडे आली होती. तिचं नाव, गाव सांगत नाही. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नाही. तिनं कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. चार सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, गर्भनळ्यांचा एक्स-रे, पोटातली दुर्बिणीची तपासणी. दोनदा 'पिशवी धुतली' म्हणून लिहिलेलं. यात तिची पोत गेली आणि दोन हंगामांचे कांद्याचे पैसे गेले. मी एकेक कागद उलटत होते. प्रत्येक कागदावर तिचंच नाव. शेवटी विचारलं, "आणि त्यांचा कागद कुठे आहे?"

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "त्यांना काय झालंय ताई? ते चांगले धडधाकट आहेत."

नऊ वर्षांत एकाही डॉक्टरनं, एकाही नातेवाइकानं, आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्या एकाही कार्यकर्तीनं हा प्रश्न तिला विचारला नव्हता. आज मला एवढंच सांगायचं आहे: मूल होत नाही म्हणून कुणी बाई आपल्याकडे आली, तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारायचा. आणि तो कागद हातात आला, तर तो नीट वाचता आला पाहिजे.

बी आणि जमीन

लीला दुबे या आपल्या थोर समाजशास्त्रज्ञ. त्यांनी १९८६ साली 'बी आणि जमीन' या रूपकावर एक लेख लिहिला. पुरुष म्हणजे बी, बाई म्हणजे जमीन, असं आपल्या समाजात मानलं जातं. बी ज्याचं, पीक त्याचं. म्हणून मूल बापाचं, नाव बापाचं, वारसा बापाचा, हे त्यांनी उलगडून दाखवलं.

आता याच रूपकाची गंमत बघा. पीक आलं तर बियाचं नाव होतं, आणि पीक नाही आलं तर जमीन नापीक ठरते! तुम्ही सगळ्या कांदा लावणाऱ्या बाया आहात. टाकलेलं उळं उगवलं नाही, तर तुम्ही नुसता वाफ्याला दोष देता का? बी कुणाकडून घेतलं, जुनं तर नव्हतं, हेच आधी विचारता. शेतात जी अक्कल चालते, ती घरात चालत नाही, कारण घरात बियाची तपासणी म्हणजे पुरुषाचा अपमान.

मुळात हे रूपकच चूक आहे. बाई ही नुसती जमीन नाही. अर्धं बीज तिचं आणि अर्धं त्याचं, असं मिळून मूल होतं. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतं, हे आपण गावोगाव तक्ते लावून शिकवलं. आजचा धडा त्याच्याच पुढचा आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांचा विचार केला, तर जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडे काही ना काही अडचण सापडते. कधी फक्त त्याच्याकडे, कधी दोघांकडे. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं, की जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न येतो. म्हणजे ही काही एखाद्या घराची करणी नाही.

तपासणी कशी होते

नियमित संबंध असून, काही साधन न वापरता एक वर्ष झालं आणि दिवस गेले नाहीत, तर तपासणी करावी. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच. 'नियमित' हा शब्द विसरू नका. नवरा ट्रकवर असतो, फौजेत असतो, महिन्यातून दोन दिवस घरी येतो, आणि इकडे सुनेची सोनोग्राफी चाललेली असते, असं मी पाहिलं आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत दोघं एकत्रच नसतील तर दिवस कसे जाणार?

तपासायचं ते दोघांनी, एकाच वेळी. पण त्यातही त्याची ही तपासणी आधी उरकावी. कारण साधं आहे. त्यात सुई नाही, भूल नाही, चिरफाड नाही, आणि काही शे रुपयांत ती होते. बाईच्या नळ्या तपासायच्या तर तिला टेबलावर झोपवावं लागतं. दुर्बीण घालायची तर भूल द्यावी लागते. सोपी तपासणी सोडून अवघड तपासणी आधी करण्यामागे वैद्यकशास्त्र नाही, रीत आहे.

पुरुषानं त्याआधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळायचं. मग हस्तमैथुन करून सगळं वीर्य लॅबनं दिलेल्या स्वच्छ भांड्यात घ्यायचं. थोडं सांडलं तर तसं सांगायचं, कारण पहिल्या भागातच शुक्रजंतू जास्त असतात. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नये, त्यातल्या वंगणानं शुक्रजंतू मरतात. तेल, साबण, थुंकी नको. नमुना घरी घेतला तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे. म्हणजे विंचूरहून एसटीनं नाशिकला नमुना नेऊन चालणार नाही, माणसालाच जावं लागेल. गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप आला असेल किंवा काही औषधं चालू असतील, तर तेही आधी सांगावं.

पुरुष याला का घाबरतात? त्यांना वाटतं, ही मर्दानगीची परीक्षा आहे. हा गैरसमज आपण मोडला पाहिजे. शरीरसंबंध करता येणं वेगळं आणि शुक्रजंतू असणं वेगळं. ज्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही, त्याचा संसार इतर सगळ्या बाबतींत अगदी नेहमीसारखा असू शकतो. दाढी-मिशा, ताकद, आवाज, वीर्याचा रंग, यांवरून काहीच कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कुणीही, अगदी मोठा डॉक्टरसुद्धा, सांगू शकत नाही.

कागद कसा वाचायचा

आता कागद हातात आला असं समजा. खाली सांगते ते आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकातले आहेत.

वीर्याचं प्रमाण: किमान १.४ मिलिलिटर. फारच कमी असेल तर नमुना सांडला का, वाट कुठे बंद आहे का, हे बघतात. वीर्य आधी घट्ट असतं, तासाभरात पातळ होतं.

संख्या: एका मिलिलिटरमध्ये किमान १ कोटी ६० लाख आणि पूर्ण नमुन्यात मिळून ३ कोटी ९० लाख. काही कागदांवर २ कोटी किंवा दीड कोटी छापलेलं असतं, ते आधीच्या आवृत्त्यांतलं.

हालचाल: शंभरातले निदान ४२ हलणारे हवेत आणि ३० पुढे सरकणारे. जागच्या जागी वळवळणारे वेगळे मोजतात. फारच थोडे हलत असले, तर बाकीचे जिवंत आहेत का तेही पाहतात.

आकार: या ओळीला माणसं सर्वांत जास्त घाबरतात. 'फक्त ४ टक्के नॉर्मल' असं वाचून नवराबायको दोघं रडत आलेली मी पाहिली आहेत. पण चार टक्के हीच किमान रेषा आहे! निरोगी बापांच्या वीर्यातही बहुतेक शुक्रजंतू वेड्यावाकड्या आकाराचेच असतात.

पू-पेशी: जास्त असल्या तर जंतुसंसर्ग आहे का ते शोधायचं.

आता ही रेषा आली कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा वेगवेगळ्या देशांतल्या साडेतीन हजारांहून जास्त पुरुषांचं वीर्य तपासलं आणि आकडे कमीपासून जास्तीपर्यंत मांडले. शंभरातले सर्वांत कमी पाच जिथे संपतात, तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचे ते पाच जणही बापच होते. म्हणून आकडा रेघेखाली आला की 'मूल होणारच नाही' असं नव्हे, आणि रेघेच्या वर आला की 'आता दोष बाईचाच' असंही नव्हे. शक्यता कमी की जास्त, एवढंच तो कागद सांगतो.

दुसरं, एका कागदावर निर्णय करायचा नाही. एकाच पुरुषाचे आकडे आज एक आणि महिन्यानं दुसरेच येतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. टायफॉइडसारखा ताप येऊन गेला, तर त्याचा परिणाम नंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या कागदावर दिसतो. म्हणून काही कमी आलं तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. कागदावर ऑलिगोस्पर्मिया, अस्थेनोस्पर्मिया असे जड शब्द असतात. संख्या कमी, हालचाल कमी, एवढाच त्यांचा अर्थ. ती रोगांची नावं नाहीत.

शून्य आलं तर

शंभरातल्या साधारण एका पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू नसतातच. कागदावर 'अझूस्पर्मिया' किंवा 'निल' लिहिलेलं असतं. तेव्हाही तपासणी पुन्हा करायचीच, आणि मग मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं, कारण शून्याचे दोन प्रकार आहेत. एक, शुक्रजंतू तयार होतात पण वाट बंद आहे: जुना संसर्ग, क्षयरोग, हर्नियाचं ऑपरेशन, किंवा जन्मतःच नळी नसणं. दोन, तयारच होत नाहीत किंवा फार थोडे होतात. अंग तपासून आणि रक्तातले हार्मोन बघून डॉक्टर यातला फरक करतात. काही प्रकारांवर उपाय आहे, काहींवर नाही. नाही तिथे नाही म्हणून सांगणारा डॉक्टर चांगला.

कमी असण्याची कारणं पुष्कळ: अंडकोषाच्या शिरा फुगणं, वयात आल्यावर झालेले गालगुंड, तंबाखू, दारू. आणखी एक कारण पोरांना ठणकावून सांगा. व्यायामशाळेत अंग कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात, त्यानं शुक्रजंतू तयार होणंच थांबतं. आया म्हणून आपल्याला एक गोष्ट करता येते. तान्ह्या मुलाची दोन्ही अंडं पिशवीत उतरली आहेत का ते बघा. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत, तर 'मोठेपणी उतरतील' म्हणत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि आपल्या भागापुरतं म्हणजे फवारणी. १९७७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी कीटकनाशकांच्या कारखान्यातले कामगार आपापसांत बोलू लागले, की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाही. ते बोलले, म्हणून त्यांची तपासणी झाली, आणि अनेकांचे शुक्रजंतू कमी किंवा शून्य निघाले. डीबीसीपी नावाचं ते औषध जमिनीतले सूत्रकृमी मारायला वापरत. आपल्या देशातही ते आता बंदीच्या यादीत आहे. द्राक्षबागेत मारतो ते प्रत्येक औषध तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडावर, हातानं औषध ढवळत फवारणी करायची नाही, आणि ते कपडे बाईनं घरच्या धुण्यात घालायचे नाहीत, एवढं तर आपण ठरवू शकतो. त्या गोष्टीतलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की पुरुष एकमेकांशी बोलले. आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं, हे माझ्या एकट्याचंच आहे.

ही लाज आहे तिथे धंदा आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग' लिहिलेल्या जाहिराती तुम्ही वाचता. 'काउंट वाढवायची' पावडर महिन्याला हजारो रुपयांना विकतात. बाबा अंगारा देतात, आणि तोही बाईलाच खायला देतात! दुसऱ्या टोकाला मोठी सेंटरं. शुक्रजंतू अगदी थोडे असले तरी एकेक उचलून स्त्रीबीजात सोडायची पद्धत १९९२ पासून आली. इक्सी म्हणतात तिला. अनेकांना त्यानं मूल झालं, हे खरं आहे. पण नीट लक्षात घ्या: अडचण त्याची, आणि इंजेक्शनं तिच्या अंगात, भूल तिला, खर्च दोघांचा, आणि यश आलं नाही तर बोल पुन्हा तिलाच. म्हणून तिचा होकार मनापासून, सगळं समजून आलेला असला पाहिजे.

कागद आल्यानंतर

आता त्या बाईकडे परत येते. नवऱ्याला तयार करायला आम्हाला सात महिने लागले. कागद आला: शून्य. पुन्हा तपासलं, पुन्हा शून्य. नवरा वाईट माणूस नव्हता. दोन दिवस जेवला नाही. मग तिला म्हणाला, "घरात सांगू नकोस. माझी अब्रू जाईल."

म्हणजे आधी माहीत नसताना ती वांझ म्हणवून घेत होती, आता माहीत असून म्हणवून घ्यायचं. नणंदेच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरू दिली नाही, आणि नवरा ते बघत होता. तपासणी झाली म्हणजे काम झालं असं समजणाऱ्या माझ्यासारखीला हा मोठा धडा होता. कागद कपाटात ठेवला तर त्याचा उपयोग शून्य.

काही घरांत याहून वाईट होतं. 'घरातल्या घरात' वंश चालवायचा म्हणून सुनेला दिराच्या खोलीत ढकलतात. याला उपाय म्हणायचं नाही, बलात्कार म्हणायचं. दुसऱ्याचं बीज घेऊन मूल हवंच असेल, तर २०२१ च्या कायद्यानं रस्ता आखून दिला आहे. नोंदणी झालेली बँक आणि क्लिनिक, नवराबायको दोघांची लेखी संमती, आणि गर्भाशयात बीज किंवा गर्भ सोडण्याआधी संमती मागे घेण्याचा हक्क. होणारं मूल कायद्यानं त्या दोघांचंच.

कार्यकर्तीला आणखी तीन गोष्टी पाठ हव्यात. मूल न होणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. पहिली बायको असताना दुसरी करणं हा गुन्हा आहे, मग कारण कुठलंही सांगोत. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बाईला टोमणे मारणं, तिचा अपमान करणं, हीसुद्धा हिंसा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. मारहाणच व्हायला पाहिजे असं नाही.

पण एक पथ्य आपणही पाळायचं. कागद बाईच्या बाजूनं आला म्हणून नवऱ्याला चारचौघांत 'नामर्द' म्हणायचं नाही. 'वांझ' शब्द पुसायचा आणि त्या जागी दुसरी शिवी लिहायची, तर आपण काय बदललं? त्या माणसाचा कागद त्याचा आहे, तो गावभर वाचायचा नाही. पण त्याची अब्रू झाकायला बायकोची अब्रू पांघरायचाही त्याला हक्क नाही. घरात जे तिला बोलतात, त्यांना त्यानं सांगितलंच पाहिजे.

त्या नवऱ्यानं शेवटी आईला सांगितलं. आमच्या एका सहकाऱ्यानं, बाईनं नव्हे, पुरुषानं, त्याच्याशी चार-पाच वेळा बोलल्यावर. सासू काही दिवस कुणाशीच बोलली नाही. सुनेची माफी वगैरे मागितली नाही. पण पुढच्या खेपेला भावकीत कार्य होतं, तेव्हा ओटीचं ताट तिनं सुनेच्या हातात दिलं. त्यांना अजून मूल नाही. मोठ्या दवाखान्यात जायचं, दत्तक घ्यायचं, की दोघांनीच राहायचं, हे ती दोघं ठरवत आहेत. तिनं मला विचारलं होतं, "ताई, मूल झालंच नाही तर माझं काय?" मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते: तुझं घर, तुझी जमीन, तुझं मंडळ, तुझा मान, यांतलं काहीही तुझ्या कुशीवर अवलंबून असता कामा नये. ते तसं नाही, हे आपल्याला भांडून खरं करायचं आहे.

आज इथून जाताना एक ठरवू या. आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या हातातली पिशवी आपण उघडणार. तिचे कागद बघून झाले की विचारणार, "त्यांचा कागद कुठे आहे?" नसेल तर तिला एकटीला पुढच्या तपासणीला पाठवणार नाही. आणि दर महिन्याला एक बैठक पुरुषांची घेणार, त्यात हाच तक्ता लावणार. तक्ता मी आणलाय. विंचूरच्या मंडळानं तो आधी घ्यावा, मग लासलगावला द्यावा. आता तुमचे प्रश्न विचारा. लाजायचं नाही, शब्द फळ्यावर लिहिलेलाच आहे.